नट, बोल्ट आणि आटे : सांधा घट्ट कसा राहतो

बोल्ट म्हणजे भोकात घातलेला लोखंडी खुंटा आणि नट म्हणजे तो खुंटा गळून पडू नये म्हणून टोकाला लावलेली अडवण, अशी समजूत यंत्रे वापरणाऱ्या पुष्कळ लोकांची असते. आणि पंप बसवणारे, सायकली जोडणारे, छपराचे पत्रे चढवणारे कित्येक कुशल कारागीरही ह्याच समजुतीवर आयुष्यभर काम करीत आलेले दिसतात. ही समजूत निरुपद्रवी असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु सांधा ढिला पडणे, बोल्ट मध्येच तुटणे, आटे जाणे आणि नट कायमचा जाम होणे ह्या ज्या तक्रारी घरोघरी व कारखान्या-कारखान्यांतून ऐकू येतात, त्यांचे मूळ बहुतांशी तिच्यातच सापडते. नीट आवळलेला बोल्ट हा ताणलेला असतो. नट फिरवून आपण त्याची लांबी अत्यल्प प्रमाणात वाढवतो, पोलाद स्थितिस्थापक असल्यामुळे तो पुन्हा आखूड होऊ पाहतो, आणि त्याच्या ह्या ओढीखाली मधले दोन भाग एकमेकांवर जबर दाबाने चेपले जातात. सांधा टिकतो तो ह्या चेपण्यामुळे. बोल्ट निवडताना, आवळताना, तपासताना आणि सोडवताना जे नियम पाळायचे, ते सर्व ह्या एका गोष्टीतून निघतात, म्हणून तिचा खुलासा प्रथम करणे इष्ट आहे.

आटा हा दंडगोलाभोवती गुंडाळलेला एक चढ आहे. डोंगराचा उभा कडा बैलगाडीला चढवत नसला, तरी वळणे घेत जाणाऱ्या घाटरस्त्याने तीच गाडी माथ्यावर पोचते. त्याच न्यायाने, सरळ ओढून ज्या बोल्टाला आपण केसभरही ताणू शकलो नसतो, त्याला आट्याच्या सौम्य चढावरून हाताच्या माफक जोराने ताणता येते. १० मिलिमीटर व्यासाचा जो मेट्रिक बोल्ट बाजारात ‘एम १०’ ह्या नावाने मिळतो, त्याच्या दोन लगतच्या आट्यांतील अंतर १.५ मिलिमीटर असते, म्हणजे नटाला एक पुरा फेरा दिला की तो दीड मिलिमीटर पुढे सरकतो. आणि आट्याच्या मध्यावरून मोजलेला त्या फेऱ्याचा परीघ भरतो सुमारे २८.४ मिलिमीटर. ज्याला हे डोळ्यांनी पाहायचे असेल त्याने २८४ मिलिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर उंच असा कागदाचा काटकोन त्रिकोण कापावा आणि सुमारे ९ सेंटिमीटर व्यासाच्या डब्याभोवती गुंडाळावा. दहापट मोठ्या केलेल्या एम १० बोल्टाच्या आट्याचा एक फेरा त्याच्यापुढे उभा राहील. हा चढ एकोणीसास एक एवढाच आहे, आणि त्याचा कोन जेमतेम ३ अंशांचा.

इतक्या सौम्य चढाचा दुसरा गुण असा की, त्यावरून भार आपोआप घसरत नाही. पोलादावर पोलाद ठेवले असता, किंचित तेलकटपणा धरूनही, उताराचा कोन साधारणतः ७ ते ८ अंशांपर्यंत गेल्याखेरीज वरची वस्तू घसरू लागत नाही, आणि येथे उतार ३ अंशांचाच. सबब नट आवळून हात काढून घेतला तरी बोल्टाची ओढ त्याला उलट फिरवू शकत नाही. घर्षण नसते तर कोणत्याही नटाची जागेवर राहण्याची हमी देता आली नसती. परंतु ह्याच घर्षणाची किंमत आवळताना मोजावी लागते. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी २५ किलो वजनाइतका जोर लावून एम १० बोल्टाचा नट आवळला, असे समजू. घर्षण मुळीच नसते तर हिशेबाने त्या बोल्टात सुमारे २१ टनांची ओढ उत्पन्न झाली असती, म्हणजे तो त्यापूर्वीच तुटून पडला असता. प्रत्यक्षात ती ओढ सुमारे अडीच टन भरते. आपल्या कष्टाचा जवळजवळ निम्मा भाग नटाच्या बुडाशी चाकीवर, म्हणजे वायसरवर, घासण्यात खर्च होतो, उरलेल्यातला बहुतेक आट्यांच्या अंगाशी घासण्यात जातो, आणि ताण म्हणून पदरात पडतो तो अवघा दहावा हिस्सा. ह्यावरून एक व्यावहारिक इशारा निघतो. घर्षणात थोडी घटबढ झाली की ताणात मोठी घटबढ होते. गंजलेल्या, मातीने भरलेल्या आट्यांवर पाना जड लागतो आणि माणूस समाधानाने थांबतो, पण बोल्टात ताण आलेलाच नसतो. उलट तेल लावलेल्या बोल्टाला तेवढाच जोर दिला तर तो अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक ताणला जातो. पाना जड लागला म्हणजे बोल्ट घट्ट झाला, हे अनुमान त्यामुळे भरवशाचे नाही. आटे घासून स्वच्छ करावेत, तेलाचे एखाद-दोन थेंब द्यावेत, आणि प्रत्येक बोल्टास सारखेच द्यावेत. कारखान्याने कोरड्या आट्यांसाठी जोराचा आकडा ठरवून दिला असेल तेथे मात्र तेल लावू नये.

आता हा अडीच टनांनी ताणलेला बोल्ट लांबतो किती? त्याच्या ५० मिलिमीटर लांबीला सुमारे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे लिहिण्याच्या एका कागदाच्या जाडीएवढा. सांध्याची सारी मदार एवढ्याशा लांबण्यावर आहे, हे एकदा मनात ठसले म्हणजे सांधे ढिले का पडतात हे समजावून सांगावे लागत नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये रंगाचा जाड थर राहिला, गंजाचा पापुद्रा राहिला, किंवा भोक पाडताना निघालेली लोखंडाची कड घासली गेली नाही, आणि काही दिवसांच्या हादऱ्यांनी ती भर पाच शतांश मिलिमीटर दबली, तर नट तसूभरही न फिरता बोल्टाचा निम्मा ताण नाहीसा होतो. म्हणून ज्या पृष्ठभागांवर दाब यायचा ते घासून उघडे करावेत, कड कानशीने मोडावी, आणि नव्या यंत्राचे बोल्ट काही तास काम झाल्यावर पुन्हा एकदा आवळण्याचा शिरस्ता ठेवावा. आखूड बोल्टाच्या बाबतीत ही दक्षता अधिक हवी, कारण १० मिलिमीटर जाडीच्या सांध्यातील बोल्ट त्याच ताणाखाली दोन शतांश मिलिमीटरच लांबतो आणि तेवढी भर दबायला काहीच लागत नाही. जागा असेल तेथे डोक्याखाली जाड नळीचा तुकडा घालून मुद्दाम लांब बोल्ट वापरण्याची तजवीज अनुभवी यंत्रकार करतात, ती ह्याचसाठी.

ताणाचा आणखी एक उपकार आहे. इंजिनाच्या किंवा पंपाच्या सांध्यावर भार सतत कमी-अधिक होत असतो. बोल्ट पुरेसा ताणलेला असेल तर ह्या चढउताराचा मोठा हिस्सा चेपलेले भाग आपल्या अंगावर घेतात आणि बोल्टाला त्याचा थोडाच स्पर्श होतो. तो ढिला असेल तर प्रत्येक हेलकावा पुरतेपणी त्याच्यावर येऊन आदळतो, आणि लक्षावधी हेलकाव्यांनंतर आट्याच्या खाचेत सूक्ष्म चीर पडून तो एके दिवशी तुटतो. चालत्या यंत्रातला बोल्ट तुटला की ‘जास्त पिळला म्हणून तुटला’ असा निवाडा देण्याची घाई सर्वत्र होते, आणि पुढच्या खेपेस तो आणखी ढिला ठेवण्यात येतो. माझ्या मते अशा तुटण्यांपैकी पुष्कळशी कमी पिळल्यामुळे झालेली असतात. तुटलेले तोंड पाहावे. त्यावर एका कडेपासून गुळगुळीत, लाटांसारख्या रेषा पसरत गेलेल्या दिसल्या आणि शेवटचा थोडासा भागच खडबडीत असला, तर तो बोल्ट थकून तुटला असे समजावे आणि दोष आवळण्याच्या कसुरीत शोधावा.

नटातले सर्व आटे भार सारखा वाटून घेतात, असेही नाही. ज्या बाजूने नट सांध्यावर टेकतो त्या बाजूचा पहिला आटा एकूण भाराचा सुमारे तिसरा हिस्सा उचलतो, दुसरा त्याहून कमी, आणि सहाव्या-सातव्या आट्यापर्यंत फारसे काही पोचतच नाही. नटाची जाडी व्यासाच्या सुमारे ०.८ पट मुक्रर झाली आहे ती ह्याच कारणाने. दुप्पट जाडीचा नट घेऊन दुप्पट बळ मिळत नाही. मात्र बोल्ट नटाऐवजी यंत्राच्या अंगातच पाडलेल्या आट्यांत बसायचा असेल, तर ते अंग कोणत्या धातूचे आहे ते पाहावे. पोलादात व्यासाएवढी पकड पुरते, बिडाच्या ओतकामात सव्वा ते दीडपट लागते, आणि ॲल्युमिनियमात दीड ते दोनपट. मोटारसायकलींच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांचे आटे वारंवार जातात ते बहुधा मूळचा बोल्ट हरवल्यावर हाताला लागेल तो आखूड बोल्ट बसवल्यामुळे.

आट्यांचे माप जुळवण्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष बिकट झाला आहे, आणि त्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात प्रत्येक कारखाना आपापल्या मापाने आटे पाडीत असे, आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढेल ह्याची शाश्वती नसे. जोसेफ व्हिटवर्थ ह्या यंत्रकाराने निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा करून त्यांच्या मापांचा मध्य काढला आणि १८४१ साली ५५ अंशांच्या कोनाचा, प्रत्येक व्यासाला इंचात किती आटे असावेत हे ठरवून दिलेला असा एक नमुना मांडला. पुढे १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी ६० अंशांचा, शेंडा सपाट ठेवलेला, पाडण्यास सोपा असा आटा सुचवला. आणि युरोप खंडातील देशांनी मिलिमीटरांत मोजलेला ६० अंशांचाच आटा पत्करला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन यंत्रांचे नट एकमेकांना लागेनात, तेव्हा कोठे, व्हिटवर्थच्या नमुन्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, म्हणजे १९४८ साली, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा ह्यांनी एका समान इंची आट्याचा करार केला. मुंबईत रेल्वे आणि गिरण्या आल्या त्या इंग्लंडातील यंत्रांसह, त्यामुळे आपल्या कारागिरांच्या हाताला व्हिटवर्थचा आटा बसला. आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली, भारतीय मानकांनीही मेट्रिक आटे स्वीकारले, तरी ‘तीन सुती’ आणि ‘चार सुती’ बोल्ट मागणारे गिऱ्हाईक आणि ते देणारा दुकानदार अद्याप प्रत्येक गावात आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्ट ९.५ मिलिमीटरांचा आणि चार सुती १२.७ मिलिमीटरांचा.

अपघात घडतो तो येथे. तीन सुती बोल्ट आणि एम १० ह्यांच्या व्यासांत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर, आणि इंचाला १६ आटे म्हणजे दोन आट्यांतील अंतर १.५९ मिलिमीटर, जे एम १० च्या १.५ मिलिमीटरांच्या फार जवळ; म्हणून तीन सुती बोल्ट एम १० च्या नटात पहिले काही फेरे अगदी सुखाने शिरतो. प्रत्येक आट्याला नऊ शतांश मिलिमीटरांची चूक साचत जाते, पाचव्या-सहाव्या आट्याशी ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत येते, नट अडतो, आणि हात त्याला घट्ट झालेला समजून पाना लावतो. पुढचा फेरा लोखंड कापून जातो. चार सुती बोल्टात तर आणखी एक फसगत आहे : व्हिटवर्थच्या मापात इंचाला १२ आटे, अमेरिकन मापात १३, आणि व्यास दोहोंचा एकच. डोळ्यांना हा भेद दिसत नाही, पण तो तपासण्याची रीत सोपी आहे. माहितीतला एक बोल्ट आणि संशयातला एक बोल्ट घेऊन दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरावेत. अखेरपर्यंत दाते दात्यांत बसले आणि मधून उजेड आला नाही तर आटा एकच, कोठेही एक बोल्ट दुसऱ्यावर चढू लागला तर वेगळा. जवळ मोजपट्टी असेल तर दहा आट्यांचे अंतर मोजावे. एम १० ला ते १५ मिलिमीटर भरेल, तीन सुतीला जवळजवळ १६. पाण्याच्या नळांच्या आट्यांचा हिशेब निराळाच आहे, कारण तेथे नाव नळाच्या पोकळीवरून पडलेले असते; ‘अर्धा इंची’ नळाचा आटा बाहेरून मोजला तर सुमारे २१ मिलिमीटर भरतो, आणि तो नट-बोल्टांच्या कोणत्याही आट्याशी जुळवू पाहणे व्यर्थ आहे.

मापाइतकेच महत्त्व बळाला आहे. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर दोन आकडे उठवलेले असतात : ४.६, ८.८, १०.९ किंवा १२.९. ह्यांतील पहिल्या आकड्याला शंभराने गुणले म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ओढ सोसून तो बोल्ट तुटेल ते कळते. दुसरा आकडा सांगतो की त्या ओढीच्या दहापैकी किती हिश्श्यांवर तो कायमचा लांबू लागेल. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० वर तुटतो आणि ६४० वर लांबतो, ४.६ चा साधा बोल्ट ४०० वर तुटतो आणि २४० वरच हात टेकतो. डोक्यावर आकडा नसेल तर त्या बोल्टाला साधा समजूनच वागवावे. वरच्या उदाहरणातील २५ किलोंचा जोर एम १० च्या ८.८ बोल्टाला अगदी योग्य आहे. तोच जोर ४.६ च्या एम १० बोल्टाला दिला तर तो तुटण्याच्या सीमेवर जातो, त्याला १० किलोच पुरेत. एम ६ चा बोल्ट ८.८ चा असला तरी त्याच पान्यावर त्याला ५ किलोंहून अधिक जोर सोसत नाही. लहान मापाचे पाने आखूड केलेले असतात ते कारखानदाराने लोखंड वाचवले म्हणून नव्हे. आणि पान्याला पाइपाची जोड देऊन आवळण्याची जी सवय सर्वत्र बोकाळली आहे ती सोडून द्यावी, अशी कळकळीची विनंती आहे. नटाचा आकडाही बोल्टाच्या पहिल्या आकड्याशी जुळता घ्यावा, ८.८ च्या बोल्टावर ८ चा नट. अशी जोडी केली असता, चुकून अति आवळले गेले तरी आटे आतल्या आत सोलवटण्याऐवजी बोल्ट तुटतो, आणि तुटलेला बोल्ट डोळ्यांना दिसतो.

आवळण्याची क्रिया बोटांनी सुरू व्हावी, पान्याने नव्हे. बोल्ट भोकात सरळ धरावा, नट टेकवावा आणि प्रथम उलट दिशेने हलकेच फिरवावा. एका जागी आट्याचे टोक टोकाखाली उतरल्याची बारीकशी टिचकी बोटांना जाणवते. तेथून सुलट फिरवले म्हणजे आटा तिरपा चढण्याची भीती राहत नाही. तीन-चार फेरे बोटांनी गेले पाहिजेत. न गेल्यास काढावा, पाहावा, पुसावा, पण पाना लावू नये. चाकी ज्या अंगाला फिरवायचे त्या अंगाला घालावी, आणि शक्य तेथे डोके धरून नट फिरवावा. पाना बंद तोंडाचा असावा. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो आणि स्क्रूपाना तर सैल पडून कोपरे गोल करतो. एम ८ ला १३ चा, एम १० ला १७ चा किंवा नव्या मानकाप्रमाणे १६ चा, एम १२ ला १९ चा किंवा १८ चा पाना लागतो. पाना आपल्याकडे ओढावा, ढकलू नये, म्हणजे निसटला तरी बोटे लोखंडावर आपटत नाहीत. एकाच झाकणाला चार-सहा बोल्ट असतील तर एक पुरता आवळून मग दुसऱ्याकडे वळण्याची चूक करू नये. समोरासमोरचे बोल्ट घेत, प्रथम तिसरा हिस्सा जोर, मग दोन-तृतीयांश, मग पूर्ण, अशा तीन फेऱ्यांत आवळावे, आणि अखेरीस एक फेरी क्रमाने सर्वांवरून फिरवावी, कारण शेजारचा बोल्ट आवळताना आधीचा ढिला झालेला असतो.

हादऱ्याने नट का सुटतो, ह्याचे समाधानकारक उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले. गेरहार्ड युंकर ह्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले की, बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे कितीतरी घातक असतात. चेपलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांतील घर्षण क्षणोक्षणी मोकळे होते आणि तो ३ अंशांचा उतार, जो एरवी निद्रिस्त असतो, आपले काम करू लागतो. म्हणजे खरा उपाय, भाग सरकूच नयेत इतका ताण प्रथमपासून देणे हाच आहे. आपल्याकडे ह्या कामी स्प्रिंग वायसरवर फार विश्वास आहे. परंतु ती चाकी नट आवळताच सपाट होते आणि नंतरची तिची ओढ बोल्टाच्या ओढीपुढे क्षुल्लक असते. नायलॉनची कडी बसवलेला नट अधिक उपयोगी, मात्र १२० अंश सेल्सियसच्या वर तापणाऱ्या भागांवर तो वापरू नये आणि वारंवार काढून पुन्हा लावू नये. चेक नट लावायचा तर पातळ नट आत आणि जाड नट बाहेर ही जागा आहे, कारण अखेरचा भार बाहेरच्या नटावर येतो; बहुतेक ठिकाणी हे उलटे केलेले आढळते. आतला नट माफक आवळून पान्याने स्थिर धरावा आणि बाहेरचा त्यावर पूर्ण जोराने बसवावा. स्प्लिट पिन ताण राखीत नाही, पण नट गळून पडू देत नाही, आणि जेथे गळून पडणे म्हणजे जीवावरचे संकट आहे तेथे तिच्यावाचून चालू नये. छताच्या पंख्याच्या दांड्याला वर आणि खाली जे बोल्ट असतात त्यांच्या स्प्लिट पिना जागेवर आहेत आणि त्यांची दोन्ही टोके वाकवलेली आहेत, ह्याची रुजुवात दर उन्हाळ्याच्या आरंभी प्रत्येक कुटुंबाने करावी. पंखा पुसायला कोणी स्टुलावर चढतोच, त्याच वेळी हे पाहून होते. रेल्वेचा कीमन हातोडा आणि पाना घेऊन आपल्या वाट्याच्या मार्गावरून रोज चालत जातो, तो अशाच तपासणीसाठी.

काही आटे डावे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले असता सुटतात. सायकलीचे डावे पॅडल आणि दोन चाकांच्या ग्राइंडरची डावी बाजू ही त्याची ओळखीची ठिकाणे. उजवा आटा तेथे फिरण्याच्या ओघात सुटला असता. ॲसिटिलीनसारख्या ज्वालाग्राही वायूंच्या नळ्यांचे नटही डावे असतात आणि त्यांच्या कोपऱ्यांवर खाचा पाडून ती खूण केलेली असते, म्हणजे ऑक्सिजनची नळी चुकून तेथे लागू नये. नट सुटत नाही असे वाटले तर पाइप शोधण्यापूर्वी आटा कोणत्या हाताचा आहे ते पाहावे.

भरपूर ताण हा नियम लोखंडावर लोखंड चेपले जाते तेथचा आहे. सिमेंटच्या पत्र्यांचे छप्पर जे-बोल्टांनी बसवताना तो लागू केल्यास पत्रा तडकतो. तेथे डांबरी चाकी जेमतेम दबेल इतकेच आवळावे, आणि भोक नेहमी पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात कधीही नाही. लाकडालाही मोठी चाकी द्यावी, आणि लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते हे जाणून मे महिन्यात एकदा नट पाहून घ्यावेत. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या वाऱ्यात चकचकीत जस्ताचा पातळ मुलामा फार काळ तग धरीत नाही. तेथे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले बोल्ट त्यांच्याच जोडीच्या नटांसह घ्यावेत, कारण जाड मुलाम्यासाठी ते नट मुद्दाम किंचित सैल पाडलेले असतात. परवडत असल्यास स्टेनलेस स्टील, आणि त्यातही ए ४ हा प्रकार. स्टेनलेसच्या नटाला स्टेनलेसच्या बोल्टावर ग्रीस न लावता भरभर फिरवले तर दोघांचे आटे मध्येच एकमेकांना चिकटून बसतात आणि मग कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही, म्हणून सावकाश फिरवावे. मोठ्या स्टेनलेस पत्र्याला साधा लोखंडी बोल्ट लावू नये; खारट ओलाव्यात तो लहान बोल्ट एकटाच झपाट्याने खाल्ला जातो.

राहिला जुना, गंजलेला नट सोडवण्याचा प्रश्न, आणि येथे उतावळेपणाइतके नुकसान दुसऱ्या कशानेही होत नाही. नटाबाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशाने घासून उघडे करावेत, कारण नटाला त्यांच्यावरूनच जायचे आहे. मग गंज सोडवणारे पातळ तेल नटाच्या दोन्ही तोंडांशी सोडून रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी नटाच्या सपाट बाजूंवर हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि पाना प्रथम सोडण्याच्या नव्हे, आवळण्याच्या दिशेने किंचित द्यावा. गंजाची पकड मोडण्याचा आवाज आला की मग उलट फिरवावे, आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे तेल देत देत बाहेर काढावे. एवढ्याने न सुटल्यास नट तापवता येतो, कारण तापलेला नट बोल्टापेक्षा अधिक प्रसरण पावतो. पण पेट्रोलची टाकी, रबर किंवा गॅसची नळी जवळ असेल तेथे हा उपाय करू नये, आणि जस्ताचा मुलामा असेल तर त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नये. शेवटी छिन्नीने नट उभा चिरावा. नव्या नटाची किंमत नाममात्र असते, तिच्यासाठी यंत्राचे अंग बिघडवण्यात शहाणपण नाही.

सोडवलेला बोल्ट पुन्हा वापरावा की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. त्याच मापाचा एक नवा नट घेऊन तो बोटांनी बोल्टाच्या टोकापासून आट्यांच्या अखेरपर्यंत फिरवत न्यावा. सर्वत्र सारखाच सैल फिरला तर बोल्ट शाबूत आहे. आरंभी सुखाने गेला आणि मध्येच एका जागी अडू लागला, तर तेथील आट्यांमधले अंतर वाढलेले आहे, म्हणजे तो बोल्ट एकदा आपल्या सीमेपलीकडे ताणला गेला आहे. अशा बोल्टावर मोजपट्टीची कड उभी धरली तर त्या जागी बारीक झालेली कंबरही दिसते. तो ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन, पंखा किंवा झोपाळा ह्यांपैकी कशालाही लावू नये, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून आट्यांवर करवतीचा एक छेद देऊन भंगारात टाकावा.